हार्वेस्टरनं ऊस तोडून घेतला: साडेतीन स्टार, आणि दीड कुठं गेले त्याचा हिशेब

आधी निकाल सांगते. पाच फुटी सरी, लांब तास (उसाच्या ओळी), उभा ऊस आणि वाळलेली जमीन असेल तर यंत्र बोलवा. साडेतीन फुटी सरी, लोळलेला ऊस आणि दारात म्हसरं असतील तर ऊसतोड मजुरांच्या टोळीची वाट बघा. पाचपैकी साडेतीन स्टार देते. कापलेल्या दीडातला बराचसा दोष यंत्राचा नाहीच, तो यंत्राभोवतीच्या व्यवहाराचा आहे, आणि मला खरं लिहायचंय ते त्याच्याबद्दल.

आम्ही निपाणीजवळचे, वेदगंगेच्या काठचे. अडीच एकर ऊस, दोन म्हशी, एक रेडकू. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर जातो. म्हणून चिटबॉयशी (उसाची नोंद आणि पाळी बघणारा कारखान्याचा माणूस) गोड बोलायचं, मुकादमाला (टोळीच्या म्होरक्याला) फोन लावायचा, ड्रायव्हरच्या हातात एन्ट्री ठेवायची, ही कामं माझ्याकडं. ऊस आम्ही दूधगंगेपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या एका कारखान्याला घालतो. आमच्या भागातले निम्मे लोक असंच करतात. यंत्रवाल्याचं नाव लिहीत नाही. असे ठेकेदार आता बरेच झालेत आणि तऱ्हा सगळ्यांची सारखीच आहे, त्यामुळं एकाचं वाचलंत तरी सगळ्यांचं समजेल.

यंत्र बोलवायची वेळ का आली? टोळी येईना. दोन एकर लावण, म्हणजे नवीन लावलेला ऊस, 86032 जातीचा, तोडीला येऊन थांबलेली, तुरा निघालेला. मुकादम बीडकडचा, सात-आठ हंगाम आमच्याकडं येणारा माणूस. फोनवर म्हणाला, "ताई, बारा कोयते ठरले होते, सातच आलेत. बाकीच्यांनी उचल घेतली आन् दुसऱ्याच मुकादमाच्या गाडीत बसले." उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, आणि एक कोयता म्हणजे एक नवराबायको. पाच कोयते कमी म्हणजे दहा माणसं कमी, म्हणजे रोजचा एक ट्रॅक्टर कमी. मग त्यानं हळूच विचारलं, "खुशालीचं काय करताय?"

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते: कारखाना तोडणी-वाहतुकीचे पैसे आपल्या बिलातून कापून घेतोच. फडात कोयता पडण्याआधी टोळी वरून जे मागते ती खुशाली. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर प्रत्येक खेपेला मागतो ती एन्ट्री. कागदावर दोन्ही कुठंच नाहीत. यंदा एकरी 5,000 खुशाली आणि खेपेला 500 एन्ट्री असा भाव चालला होता. कट्ट्यावर बसलेल्या आमच्या भावकीला याचा भारी राग. "लुटाय बसलेत," असं एक चुलतसासरे रोज म्हणतात आणि रोज देतात.

मला राग यायचा बंद झाला तो दराचा हिशेब घालून बघितला तेव्हापासून. ऊसतोडीचा दर काही बाजारात ठरत नाही. टोमॅटो कमी आला की संकेश्वरच्या बाजारात संध्याकाळपर्यंत भाव चढतो. कोयते कमी आले म्हणून तोडणीचा दर एका हंगामात चढत नाही, कारण तो पुण्यात बैठकीत ठरतो. एका बाजूला सगळ्या कारखान्यांच्या वतीनं साखर संघ, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या संघटना. जानेवारी 2024 मध्ये संपाच्या इशाऱ्यानंतर 34 टक्के वाढ झाली, टनाला 273 चे 366 झाले, आणि करार तीन वर्षांचा. मुकादमाचं कमिशन वेगळं. म्हणजे घेणारे सगळे कारखाने एका टेबलावर बसून एकच दर बोलतात. एका कारखान्यानं दुसऱ्यापेक्षा दहा रुपये जास्त देऊन टोळी पळवायची वाट तिथंच बंद होते.

पण माणसं कमी पडलीत हे काही खोटं नाही. शिकलेली पोरं कोयता धरत नाहीत, पुण्याकडं, संभाजीनगरकडं कंपनीत जातात, कुणी रिक्षा घेतो, कुणी ट्रॅक्टरवर बसतो. मग टंचाईची जी किंमत दरात शिरायला पाहिजे होती, ती दार बंद दिसल्यावर खिडकीतून आत येते. पहिली खिडकी उचल. वर्षागणिक फुगत ती आता जोडीमागं लाखाच्या घरात गेलीय. दुसरी खिडकी खुशाली. चुलतसासऱ्यांना जी लूट वाटते ती कारखान्यानं न दिलेली पगारवाढ आहे आणि ती आपल्या खिशातून जाते, एवढाच मामला. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तू दोन्ही दे."

एका जोडीची दिवसाची कमाई काढून बघा. चांगल्या उसात नवराबायको दिवसाला दोन टन तोडतात, पहाटे चांदण्यात सुरू करून ते रात्री ट्रॉली भरेपर्यंत. दोन टनांचे 732. माणशी 366. आणि 2025-26 सालचा रोजगार हमीचा दर कर्नाटकात 370, महाराष्ट्रात 312. म्हणजे आमच्या बाजूला हमीवर माती उपसणाऱ्याला ऊस तोडणाऱ्यापेक्षा चार रुपये जास्त. दूधगंगेचा पूल ओलांडला की त्याच मातीचे 58 रुपये कमी होतात, ती गंमत वेगळी. मग माणूस हमी सोडून कोयता का धरतो? कारण हमी रोजचे रोज देते, तेही कधी महिन्यानं जमा होतात. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याच्या देण्याला एकदम लाख कोण देतं? मुकादम देतो. उचल म्हणजे बिनकागदाचं कर्ज, आणि फेडायला अंग. ज्यानं हंगामाआधी पैसे घेतले त्याला हंगामात दुसरीकडं जाता येत नाही, आणि जाता येत नाही त्याला दर वाढवून मागता येत नाही. जे पाच कोयते दुसऱ्याच गाडीत बसले त्यांना गावात चोर म्हणतात. त्यांनी जे केलं त्याला कंपनीतली पोरं राजीनामा म्हणतात. पण मार खातो तो ट्रॅक्टरवाला, हे पण खरं. मुकादमाला उचल त्यानं दिलेली असते, बरेचदा स्वतः कर्ज काढून. आमच्याच गल्लीत एकाचा ट्रॅक्टर असा गेलाय.

असो. यंत्रावर येते.

ठेकेदार रायबाग तालुक्यातला. कारखान्याशी त्याचा करार, त्यामुळं नोंद आणि पाळी चिटबॉयमार्फतच लागते. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा दोन एकर ऐकून त्यानं सरळ नाही म्हटलं. एका जागी आठ-दहा एकर पाहिजे, तास लांब पाहिजे, वळायला जागा पाहिजे. त्याचंही बरोबर आहे. कोटीच्या वरचं यंत्र, बँकेचा हप्ता थांबत नाही, पैसे मिळणार टनावर. दिवसाला शंभर टन निघाला तर त्याचं भागतं. छोट्या रानात यंत्र तोडण्यापेक्षा वळण्यातच दिवस घालवतं आणि डिझेल दोन्हीला लागतं.

मग आठ एकर जमवायचं आलं. म्हणजे भावकी एकत्र आणायची. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन सख्ख्या भावांना मधला बांध तात्पुरता सपाट करायला राजी करणं, ही त्या ठेकेदाराच्या सेवेतली सगळ्यात अवघड पायरी आणि ती करावी लागते ग्राहकाला. बांधाच्या चारी टोकांना खुंट्या मारल्या, मोबाइलवर फोटो काढले, दोघांनी एकमेकांच्या फोटोत खुंटी दिसते का बघून घेतलं. हे काम मी केलं त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. ठेकेदारानं निदान एक माणूस यासाठी ठेवावा. इथं अर्धा स्टार गेला.

यंत्र आलं रात्री, सांगितलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी. उशीर माफ, कारण फोन करून कळवलं होतं. टोळी कधी कळवत नाही. बरोबर दोन इनफिल्डर (रानात यंत्राशेजारून चालत तोडलेला ऊस घेणारे) ट्रॅक्टर, एक हेल्पर, एक डिझेलचा पिकअप. ऑपरेटर विशी-पंचविशीतला, बोलणं सगळं कानडी. आल्या आल्या "अक्का, नीर कोड्री" म्हणाला, पाण्याची कळशी निम्मी केली आणि चढला वर. वागणूक एकदम नीट. पैसे मागितले नाहीत, दारू मागितली नाही, कोंबडं मागितलं नाही. या एका गोष्टीला मी पूर्ण स्टार दिलाय. बाई एकटी रानात असताना हे किती मोठं असतं ते बाईलाच कळतं.

तोडणी बघण्यासारखी. शेंडा वरच्या वर उडतो, बुडातून ऊस कापला जातो, आत वीतभर कांड्या होतात, मागच्या पंख्यानं पाला बाहेर आणि कांड्या बाजूच्या ट्रॉलीत. उजाडायच्या आत माझं रान मोकळं. टोळीला यालाच आठवडा लागतो. बूड जमिनीलगत कापलं गेलं होतं, जिथं सरी नीट बांधलेली होती तिथं तरी. चुलतसासऱ्यांची सरी साडेतीन फुटी. तिथं चाक थेट खोडावर चढलं आणि बुडखे उपटून आले. त्यांनी ऑपरेटरला शिव्या घातल्या. त्याला मराठी येत नसल्यानं तो हसला, मग तेही हसले.

आता पंख्याची गोष्ट, ही कुणी सांगत नाही. पंखा जोरात ठेवला तर पाला सगळा उडतो पण बारीक कांड्याही पाचटात उडून जातात. हळू ठेवला तर कांड्या वाचतात पण पाला उसाबरोबर कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो. ठेकेदाराला काट्यावर तक्रार नको असते, म्हणून पंखा जोरात. मी मागून चालत होते, पाचट पायानं सारून बघितलं तर कांड्याच कांड्या. ऑपरेटरला हातानं खूण केली, त्यानं पंखा कमी केला. विचारलं नसतं तर केला नसता. त्याच्या मालकाला ऊस वाचवल्याचे पैसे नाहीत, टनाचे आहेत.

आणि एवढं करूनही कारखाना यंत्राच्या उसाच्या वजनात साडेचार टक्के पालापाचोळा म्हणून धरतोच. शंभर टनाला साडेचार टन. टनाला 3,300 धरला तर 14,850 रुपये. आता दुसऱ्या बाजूला टोळीचा खर्च मांडा: दोन एकराची खुशाली 10,000, आठ खेपांची एन्ट्री 4,000. झाले 14,000. दोन्ही आकडे मांडून मी बराच वेळ वहीकडं बघत बसले. रोख पैशात यंत्र स्वस्त पडत नाही. थोडं महागच पडतं. फरक वेळेचा आणि डोक्याच्या तापाचा आहे. तुरा निघालेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन रोज घटतं, तो तोटा माझ्या वहीत नाही, पण असतो.

साडेचार टक्क्यांबद्दल शेतकरी संघटनांचं भांडण जुनं आहे, ते त्यांनी भांडत राहावं. माझं म्हणणं एवढंच की पाला किती ते मोजून कापा, सरसकट कापू नका. ज्यानं स्वच्छ तोडून दिला आणि ज्यानं कचरा दिला, दोघांना एकच कपात असेल तर स्वच्छ कोण तोडेल? इथं आणखी अर्धा गेला.

यंत्रानं शंभर टन ऊस एका रात्रीत पाडला. हाताचे पन्नास कोयते लागले असते, म्हणजे शंभर माणसं. यंत्रावर ऑपरेटर, हेल्पर, दोन ट्रॅक्टरवाले, असे चौघं. मग ऑपरेटरला शंभर माणसांची मजुरी मिळते का? जेवताना हेल्परला विचारलं, त्याला मराठी येत होतं. ऑपरेटरला महिना तीस हजार आणि जेवणखाण, हेल्परला पंधरा. बाकी सगळं हप्ता, डिझेल, सुटे भाग, आणि उरलं तर मालक. ऑपरेटर हेल्परच्या दुप्पट कष्ट करत नाही, उलट तो सावलीत बसतो. पण तो मध्येच निघून गेला तर कोटीचं यंत्र बांधावर उभं राहतं आणि हप्ता चालूच. हेल्पर गेला तर उद्या दुसरा मिळतो. पगार त्या भीतीवर ठरतो. माझा पोरगा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय, तो त्या रात्री यंत्रामागं फिरत होता आणि सकाळी म्हणाला, "आई, मला हे शिकायचंय." नवरा म्हणाला, "शीक, पण लवकर शीक. सगळीच शिकली की तीसचे पंधरा होतील."

नवऱ्याला हे कंपनीत रोज दिसतं. एकाच शॉपमध्ये, एकाच मशीनवर, पर्मनंट माणूस आणि कंत्राटी माणूस. काम एक, टोपीचा रंग वेगळा, पगार निम्म्यापेक्षा कमी. पर्मनंटवाल्यांची युनियन आहे, दर तीन-चार वर्षांनी करार आहे. कंत्राटी माणसाचा करार दर सहा महिन्यांनी ठेकेदाराबरोबर, आणि गेटबाहेर कोगनोळीपासून मुरगूडपर्यंतची पोरं बायोडाटा घेऊन उभी. तो मला म्हणतो, "तुझ्या मुकादमात आणि आमच्या ठेकेदारात फरक काय? तुझा उचल तरी देतो."

यंत्राला महाराष्ट्रात सरकारी अनुदान आहे, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यातलं जे कमी असेल ते. त्याच सरकारचं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला 10 रुपये घेतात. एकाच माणसाच्या दोन्ही बाजूला सरकार उभं आहे.

मला कुणी विचारलं, हे काम माणसानं करावं का, तर मी नाही म्हणीन. 2019 साली महाराष्ट्रात समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एक दिवस खाडा पडला तर दंड, मग पाळीचा त्रासच नको, म्हणून. आमच्या फडात येणारी मुकादमाची भावजय तिशीची पण नाही. ती माझ्याकडं ताक प्यायला यायची. यंदा आली नाही. यंत्र चांगलं की वाईट, हे मी तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती आधी लाख फेडू दे.

आता वाडं. यंत्राला स्टार कापायचं सगळ्यात मोठं कारण हेच. हाताच्या तोडीत शेंड्याचं वाडं हिरवंगार मिळतं, माझ्या दोन म्हशी दीड महिना त्यावर निघतात. टोळीतल्या बायका वाड्याच्या पेंढ्या विकतात, तोच त्यांचा रोजचा मीठमिरचीचा रोख पैसा, त्यावर मुकादमाचा हात नसतो. गावातले बिनजमिनीचे, ज्यांच्या दारात एखादी म्हैस किंवा चार शेळ्या, ते याच वाड्यावर हिवाळा काढतात. यंत्र ते सगळं बारीक करून रानात फेकतं. ठेकेदार, कारखाना आणि मी, तिघांनी मिळून व्यवहार केला आणि चौथ्याच्या शेळीची वैरण गेली, तो कुठल्या बैठकीत होता? आमच्या रानाशेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी दुसऱ्या दिवशी विळा घेऊन आली, पाचटात उभी राहिली आणि म्हणाली, "काय ठेवलंसा गं बाई आमास्नी?" मी माझ्या खोडव्यातलं (तोडल्यावर बुडातून परत फुटलेल्या उसातलं) चार भारे दिले. खोडवा टोळीसाठी राखला होता म्हणून जमलं. पूर्ण अर्धा स्टार वाड्याचा.

पाचटाचं मात्र कौतुक करते. सगळीकडं सारखं पसरलेलं, जाळायची गरज नाही, ओल टिकते. निदान एक पाळी पाण्याची वाचते. आमच्याकडं मोटारीला लाइट कधी येईल ते माहीत नसतं, त्यामुळं एक पाळी म्हणजे एक रात्रीची झोप.

नांगे, म्हणजे उसात पडलेल्या मोकळ्या जागा, भरायला बायका लावल्या. वळणाच्या जागी आणि इनफिल्डरच्या चाकाखाली खोडं गेली होती. म्हणजे बघा, यंत्रानं शंभर जणांचं काम काढलं आणि चार बायकांचं नवीन काम दिलं. बायकांची मजुरी 300, पुरुषांची 500. समान मोबदल्याचा कायदा 1976 साली झाला, माझ्या जन्माच्या आधी, पण आमच्या गावात अजून पोचायचाय. मी यावेळी 350 दिले. कट्ट्यावर बोंब झाली, "तू दर बिघडवतीस."

दर बिघडलाच आहे आणि तो मी बिघडवलेला नाही. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. आधी निपाणीत धुण्याभांड्याला, दुकानात, वखारीत पन्नास रुपये जास्त मिळायचे, पण तिकिटात जायचे, म्हणून बायका गावात मिळेल त्यावर राबायच्या. तिकीट गेलं तसं निपाणी, चिकोडी, संकेश्वर सगळं गावाच्या वेशीत आलं. बाईला चार दारं झाली की पहिल्या दाराला दर वाढवावा लागतो. कागलला मात्र तिकीट पडतं, म्हणून तिकडं बायका कमी जातात. वर गृहलक्ष्मीचे महिना 2,000. "त्यानं बायका आळशी झाल्या," हे आमच्या गावातलं आवडतं वाक्य. 2,000 म्हणजे दिवसाला 66 रुपये. 66 रुपयांवर कोण आळशी होईल? झालं एवढंच की दोनशेला ये म्हटलं तर "न्हाई जमत" म्हणायचं बळ आलं. माझी सासू निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत होती. ती सांगायची, संघटना व्हायच्या आधी सकाळी दारात उभं राहायचं आणि मुकादम बोट दाखवेल तिनं आत जायचं. बोट नाही पडलं तर घरी. कामगारांचे पुढारी प्रा. सुभाष जोशींच्या मागं बायका उभ्या राहिल्या तेव्हा कुठं हजेरी लागली, मजुरी वाढली. सासूला बोनस हा शब्द सगळ्यात जास्त आवडायचा. पेन्शनपेक्षाही.

परत यंत्राकडं, कारण मुद्द्याची एक गोष्ट राहिली. यंत्र येऊन गेल्यावर मुकादमाचा फोन आला. खोडव्यासाठी खुशाली किती विचारली तर एकदम मवाळ. "बघू की ताई, तुम्ही द्याल ते." आठवड्याआधी हाच माणूस एकरी 5,000 वर अडून होता. यंत्रानं माझे पैसे वाचवले ते इथं, जिथं ते चाललंच नाही तिथं. नुसतं गावात येऊन गेलं म्हणून. माझ्यासारख्या अडीच एकरवालीला हे सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू. पण ज्या खिडकीतून त्या जोडीची वाढ येत होती, ती यंत्रानं अर्धी लोटली, हेही दिसतं. पुढच्या करारात कामगारांचे पुढारी वाढ मागतील तेव्हा कारखानदार यंत्राकडं बोट दाखवणार, आणि यंत्रवाला जास्त दर मागेल तेव्हा टोळीकडं. मी खोडव्याला अर्ध्या एकराचे 1,500 दिले, वरून ताक.

ज्यांना यंत्र बोलवायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. लावण करतानाच सरी पाच फूट धरा, नाहीतर पैसे आणि खोडवा दोन्ही जातील. ठिबकच्या नळ्या आदल्या दिवशी काढा. रानातले दगड वेचा, नाहीतर पात्याचं बिल तुमच्यावर येतं. पाऊस पडून गेला असेल तर चार दिवस थांबा, इनफिल्डर काळ्या मातीत असा बसतो की पुढच्या नांगरटीला ढेकळं फुटत नाहीत. कांड्या केलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, टोकं उघडी असल्यानं साखर लवकर उतरते. कारखान्यात गाड्यांची रांग किती आहे ते चिटबॉयला विचारूनच यंत्र चालू करायला सांगा. पहिल्या दोन सऱ्या यंत्रामागून चाला आणि पाचटात हात घालून बघा. उसाच्या चार ओळी वाड्यासाठी हातानं तोडायला सोडा, शेजाऱ्यांना आधी सांगून. आणि ठेकेदाराला फोन दिवाळीच्या आत करा. नंतर तो उचलत नाही.